उसन्या मैदानावर एकट्याचा डाव

रविवारची सकाळ, मल्लेश्वरममधलं आमचं घर, दुसरी कॉफी. हिचा भाचा जेवणाच्या टेबलावर एक कागद पसरून बसला होता. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत: ‘मंगळवार. तीन कोर्स. सत्तावीस होल. एकटा.’ शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा.

हिने दूरवाणीनगरच्या आयटीआय कारखान्यात एकतीस वर्षं टेलिफोन तपासले. कुठलाही आराखडा समोर आला की तो कसा चालेल यापेक्षा कुठे अडकेल हे हिला आधी दिसतं. मी पेपर वाचत होतो, म्हणजे तोंडासमोर धरून होतो. त्या दोघांचं बोलणं आठवलं तसं इथे देतो. मधूनमधून माझी मतं येतील. ती त्यांनी तेव्हाही विचारली नव्हती.

आत्या : कोर्स कसले रे? सुट्टी घेऊनसुद्धा शिकायचंच का?

भाचा : डिस्क गोल्फचे, आत्या. गोल्फच, पण काठी नाही, चेंडू नाही. हातात चकती. ठरलेल्या जागेवरून फेकायची, पडेल तिथे जाऊन पुन्हा फेकायची, शेवटी साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. टोपली गाठली की एक होल झालं. कमीत कमी फेकींत गाठायची, एवढंच.

आत्या : म्हणजे फ्रिसबी. तुझ्या मुंजीत आली होती एक. गच्चीवरून शेजारच्यांच्या टाकीत गेली.

भाचा : ती खेळण्यातली. ही बघ.

त्याने पिशवीतून तीन चकत्या काढल्या. पहिल्या दोन पातळ धारेच्या, तिसरी बोथट कडेची. ड्रायव्हर, मिडरेंज, पटर. ड्रायव्हर लांब पल्ल्याला, मिडरेंज मधल्या, पटर टोपलीपाशी. प्रत्येकीचं वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. हिने ड्रायव्हर हातात घेऊन धारेवरून बोट फिरवलं आणि विळी परत ठेवावी तशी जपून खाली ठेवली.

आत्या : ही कुणाच्या कपाळावर बसली तर टाके पडतील.

भाचा : म्हणून तर मोकळी जागा पाहिजे. अमेरिकेत एकाने 2016 साली 338 मीटर फेकली. मी सत्तर-ऐंशीवाला.

दोन वर्षं तो फिनलंडमध्ये टाम्पेरेला होता, तिथून हे वेड घेऊन आला. तिथल्या गावोगावच्या रानांत असे कोर्स आहेत, बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, पहारेकरी नाही. प्रत्येक होलपाशी एक पाटी: टोपली किती मीटरवर, वाट कुठून वळते. सगळ्यांत नावाजलेल्यांपैकी एक टाम्पेरेच्या शेजारी, नोकिया नावाच्या गावात.

आत्या : नोकिया हे गाव आहे?

भाचा : गावच. त्या गावातल्या कागद गिरणीवरून कंपनीचं नाव पडलं, फोन फार नंतरचा.

आत्या : (माझ्याकडे बघून) ऐकलंत? लँडलाइन जोडण्यात आमचा जन्म गेला आणि हा सुट्टीच्या दिवशी नोकियाला चकत्या फेकत होता.

भाचा : जूनमधल्या एका शनिवारी मी तीन कोर्स केले, आत्या. चोपन्न होल. एकटा. रात्री अकराला उजेड होता. दिवसभरात कुणाशी बोललो असेन तर एका म्हाताऱ्याशी, तोही माझी हरवलेली चकती द्यायला आला म्हणून. असा दिवस मला इथे एकदा पाहिजे. निम्मा चालेल.

इथे मला त्याचं म्हणणं पटलं. या मुलाचे कामाचे दिवस एका कॉलवरून दुसऱ्या कॉलवर जातात. ज्याला दिवसभर दहा जणांशी बोलून पगार मिळतो, त्याला न बोलण्याची भूक लागणारच. पण ही भुकेचं नाव ऐकत नाही, ताटात काय आहे ते विचारते.

आत्या : बरं. तीन जागा कुठल्या?

भाचा : कब्बन पार्क, लालबाग आणि हेसरघट्ट्याचं गवताळ रान.

हिने चष्मा पुसला. आमच्या घरात हे वाईट लक्षण आहे.

आत्या : कब्बन पार्क 1870 पासून आहे. या शहराने तेव्हापासून तिथे चालायचं, बसायचं, लग्नं जमवायची आणि मोडायचीही ठरवलेलं आहे. चकती फेकायचं ठरवलेलं नाही. चेंडू दिसला तरी पहारेकरी शिट्टी मारतो.

भाचा : पण तिथले रस्ते गाड्यांना बंद असतात ना?

आत्या : रविवारी. आणि गाड्या बंद म्हणजे माणसं दुप्पट. शनिवारी सकाळी तर मुलं-मुली झाडांखाली पुस्तकं घेऊन पडलेली असतात, कब्बन रीड्सवाली. 2023 पासून चालू आहे. कुणी कुणाशी बोलत नाही. शंभर माणसं एकत्र जमून एकटी वाचतात. त्यांच्या डोक्यावरून तू ही विळी सोडणार?

भाचा : मंगळवारी ते नसतील.

आत्या : मंगळवारी माझ्यासारख्या म्हाताऱ्या असतील. पुढचं. लालबाग. दोनशे चाळीस एकर, 1760 साली हैदर अलीने सुरू केलेली. जगभरची झाडं आणून लावलीत, खोडांवर नावाच्या पाट्या आहेत. तुझी चकती लागणार कुठे? झाडाला.

भाचा : तो जो मोठा खडक आहे, त्याच्यावर झाड नाही.

आत्या : तो खडक तीनशे कोटी वर्षांचा आहे, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक. त्याच्यावरून तुझी चकती घसरत जाईल आणि तिच्यामागे तू. हेसरघट्टा तर सोडूनच दे. तिथे पक्षी गवतात, जमिनीवर अंडी घालतात. कितीतरी वर्षं लोक भांडले, तेव्हा 2024 मध्ये सरकारने ते राखीव करायचं ठरवलं. तुझ्या सुट्टीसाठी नाही ठरवलं.

तीन जागा, तीन फुल्या. भाच्याने पेन खाली ठेवलं. पण पोरगा हार मानणारा नाही. त्याने बाजू बदलली आणि मला वाटतं इथून संभाषणात खरी गंमत आली.

भाचा : आत्या, हा खेळ मुळात सुरूच झाला उसन्या जागेवर. आधी टोपल्या नव्हत्याच. लोक बागेतली झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे ठरवायचे आणि त्यांना चकती मारायचे. त्याच्याही आधी, फ्रेड मॉरिसन नावाचा माणूस समुद्रकिनाऱ्यावर केकचं पातेलं फेकत होता. कुणीतरी येऊन त्या पातेल्याचे पंचवीस सेंट देऊ केले, दुकानात त्याची किंमत होती पाच. तिथून धंदा सुचला. फ्रिसबी हे नावसुद्धा ‘पाय’ नावाचा पदार्थ विकणाऱ्या एका बेकरीवरून आलं. 1957 साली व्हॅम-ओ कंपनीने चकती बाजारात आणली.

आत्या : पातेलं फेकायची कल्पना बाईला सुचली असती तर तिला माहेरी धाडली असती.

भाचा : मग एड हेड्रिक. त्याच कंपनीतला. त्याने 1975 मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स आखला आणि नंतर साखळ्यांची टोपली काढली. साखळी का? कारण चकती टणक वस्तूवर आपटली की उडून परत येते. साखळी तिचा वेग पिऊन टाकते आणि ती सरळ खाली टोपलीत पडते. 2002 मध्ये तो गेला तेव्हा त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या केल्या. त्याचीच इच्छा होती.

आत्या : रक्षा फेकून फेकून खेळायची?

भाचा : तुम्ही नाही का नदीत सोडत?

आत्या : एकदाच सोडतो. परत आणायला जात नाही.

ही हसली, आणि हिचं हसू म्हणजे समोरच्याने थोडी जागा मिळवली असं धरायला हरकत नसते. मग हिनेच आपण होऊन त्याच्या बाजूची एक गोष्ट काढली.

आत्या : उसनी जागा म्हणालास ना? प्रकाश पदुकोण बॅडमिंटन ह्याच मल्लेश्वरमात शिकला. कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये. लग्नाचा हॉल तो. लग्न असलं की कोर्ट नाही, मांडव. 1980 मध्ये ऑल इंग्लंड जिंकला तो ह्या हॉलमधून गेलेला माणूस. या गावात खेळ असाच वाढला, दुसऱ्याच्या कामातून उरलेल्या वेळात. पण त्यात एक अट होती. पाहुणे यायच्या आत जाळी उतरायची, लायनी पुसायच्या, आणि हॉल लग्नासारखा दिसला पाहिजे. उसनं घेतलं तर वेळेवर परत द्यायचं. तुझ्या कागदावर घ्यायचं लिहिलंय, द्यायचं कुठे लिहिलंय?

भाचा : फिनलंडमध्ये द्यावं लागत नाही. रान कुणाचंही असो, त्यातून चालायचा हक्क प्रत्येकाला आहे. कायद्यानेच.

आत्या : इथे मोकळी दिसणारी जागा म्हणजे जिचा मालक अजून समोर आलेला नाही अशी जागा. आपला काडु मल्लेश्वर बघ. काडु म्हणजे रान. त्या देवळाला व्यंकोजीराजांनी गाव लावून दिलं त्याचा 1669 चा शिलालेख आहे, तेव्हा इथे खरंच रान होतं. 1898 ला प्लेग आला, सरकारने त्या रानात चौकोन आखून मल्लेश्वरम वसवलं. आता देवाच्या नावात तेवढं रान उरलंय.

(व्यंकोजी म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, तंजावरचे. बंगळूरचा मराठी माणूस हे वाक्य संभाषणात कुठेही बसवतो. हिने त्यातल्या त्यात योग्य जागी बसवलं.)

मग एकटेपणावर गाडी आली. भाच्याचा मुद्दा असा होता की एकट्याने खेळलं तर चकती समजते. सोबत कुणी असलं की आपण त्याला दाखवायला फेकतो. त्याने टेबलावरच्या बशीने समजावून सांगितलं: उजव्या हाताने, पाठीमागून पुढे फेकली तर चकती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि वेग ओसरला की डावीकडे कलते. हवा तिचं नाक वर उचलू बघते, पण ती फिरत असल्यामुळे तो जोर समोर न दिसता बाजूला दिसतो. फिरता भोवरा टोचला की टोचलेल्या दिशेला न पडता आडवा सरकतो, तसंच. शिवाय बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर. इथली हवा किनाऱ्यापेक्षा आठेक टक्के विरळ, चकतीला आधार कमी, ती आणखी लवकर कलते. टाम्पेरेला जुळलेला हात इथे नव्याने जुळवावा लागतो. त्याला एक अख्खा दिवस पाहिजे आणि मध्ये ‘अरे वा’ म्हणणारं कुणी नको.

आत्या : आणि मोजणार कोण? आमच्याकडे दोन माणसांनी तपासल्याशिवाय फोन पुढे जात नव्हता. एकट्याने तपासलेलं सगळं पास होतं.

भाचा : उलट. एकट्याला खोटं बोलून मिळणार काय?

आत्या : जेवताना आम्हाला आकडा सांगशील ना? तो मिळेल.

हा मुद्दा मला हिचा वाटला. त्याआधी मात्र खेळ म्हणजे समोर दुसरा हवाच, असं ही धरून होती. विटीदांडूत झेलणारा नसेल तर विटी हरवते, एवढाच त्याचा अर्थ. भाच्याने भोवऱ्याचं उदाहरण देऊन ते मोडलं होतं: भोवरा एकट्याचाच. पण नंतर ही जे बोलली त्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आत्या : एकटेपण तुला फुकट मिळतं, म्हणून तुला ते इतकं थोर वाटतं. मी चोवीस वर्षांची होते, 1979 साल. आम्हीही एका कार्यालयात सकाळी सहाला खेळायचो, चौघीजणी. एक दिवस तिघी आल्या नाहीत. मी एकटी भिंतीवर शटल मारत बसले. दहा मिनिटांत रखवालदार आला, ‘कुणाची वाट बघताय?’ मग स्वयंपाकी आला, ‘कुणाची वाट बघताय?’ मग एक गृहस्थ, ते कोण होते अजून माहीत नाही, त्यांनीही तेच. एकटी बाई म्हणजे कुणाची तरी वाट बघणारी बाई. मी रॅकेट उचलली आणि घरी आले. नंतर कधी एकटी गेले नाही. तू कुठेही उभा राहा. तुला कुणी विचारणार नाही.

भाचा काही बोलला नाही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. मी पेपरचं पान उलटलं.

भाचा : मग मी जाऊ नको?

आत्या : कुणी म्हटलं? जा. पण एकटा जाणं वेगळं आणि कुणाला न सांगता जाणं वेगळं. आण तो कागद.

पुढचा अर्धा तास दोघं एका बाजूला बसली होती. त्याचा तपशील देतो, कारण बेत असाच आखायचा असतो.

मंगळवार ठेवला. रविवारी या शहरातल्या कुठल्याही सपाट तुकड्यावर टेनिस बॉलचे तीन-चार सामने एकमेकांत गुंतलेले असतात. एकाचा कव्हर दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा. महिना फेब्रुवारी ठरवला. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वादळी पाऊस फांद्या पाडतो, जून-जुलैत पश्चिमेचा वारा असा असतो की चकती फेकणाऱ्याकडेच परत येते. सूर्य पावणेसातला उगवतो, म्हणून सुरुवात सातला.

पहिली जागा: हिच्या मैत्रिणीचा मुलगा ज्या कॉलेजात शिकवतो त्याचं मैदान. प्राचार्यांना पत्र. पत्र हिने सांगितलं, त्याने लिहिलं. सात ते साडेआठ, मुलं यायच्या आत बाहेर. ‘जाळी उतरवायची’ हे शब्द हिने समासात लिहिले, जाळी नसतानाही.

दुसरी जागा भाच्याने सुचवली: ऑफिसातल्या मित्राची दोड्डबळ्ळापूरकडची आंब्याची बाग. हिने लगेच विचारलं, फेब्रुवारीत आंब्याला काय असतं? मोहोर. एका चकतीत शंभर कैऱ्या जातील. तेव्हा त्याला आठवलं की बागेच्या कडेला त्याच कुटुंबाची नीलगिरीची राई आहे. सरळ खोडं, खाली झुडूप नाही, मध्ये लांब गल्ल्या. मोबाइलवर फोटो बघितला आणि तो एकदम म्हणाला, ‘ही तर टाम्पेरेची बर्चची झाडं.’ नीलगिरीला या भागात कुणी फारसं चांगलं म्हणत नाही, ती पाणी ओढते म्हणून 2017 मध्ये राज्य सरकारने नवी लागवडच थांबवली. तिचं असं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं. पानांच्या थरात घोणस असू शकते, म्हणून बूट, हातात काठी, आणि चकती पाल्यात गेली तर आधी काठी मग हात. दर दोन तासांनी आत्याला एक मेसेज. शब्द नको, आकडा पुरे: कितवं होल.

टोपलीचा प्रश्न हिने सोडवला. झाडाच्या खोडाला मारायचं नाही, ही अट. साखळ्यांचा स्टँड स्कूटरवर बसत नाही. तर आठव्या क्रॉसवरून फुलवाल्यांची बांबूची रुंद टोपली, ती दुमडत्या स्टुलावर, आणि टोपलीच्या मागे जुनी सतरंजी लोंबती. साखळीचं काम सतरंजी करील, वेग पिईल. एक होल झालं की स्टूल उचलून पुढे न्यायचं. नऊ वेळा एका जागी, नऊ वेळा दुसऱ्या. भाच्याने गच्चीवर करून बघितलं. पटर सतरंजीला लागली आणि धप्पकन टोपलीत पडली. हिने ‘पास’ म्हटलं, आणि दोघांनी तपासलं आहे असं मला सांगितलं.

आकड्याच्या खरेपणावर मात्र शेवटपर्यंत तोडगा निघाला नाही. तो म्हणतो मी प्रामाणिक आहे, ही म्हणते ते मला माहीत आहे, पण कागदाला माहीत नाही. माझं मत हिच्या बाजूने आहे आणि ते मी त्याला सांगितलेलं नाही.

सत्तावीस होलचे अठरा झाले. डोक्यावरचा ‘एकटा’ तसाच राहिला, खालच्या दोन रेघांपैकी एक त्याने स्वतः खोडली. दोन जागा ठरल्या. तिसऱ्या जागेसमोर हिने कंस काढून आत काहीच लिहिलं नाही.

तर वाचकांपैकी कुणाची बंगळूरच्या आसपास, स्कूटरने तासाभरात जाता येईल अशी, मोहोर, पिकं आणि पक्ष्यांची अंडी नसलेली दोन-तीन एकर जागा असेल, तर एका मंगळवारी सकाळी अकरा ते दुपारी एक ती उसनी हवी आहे. एकला परत मिळेल. पत्र आत्या सांगतील, भाचा लिहील.